डावीकडे ओढणारी गाडी

अनुश्रीच्या हातून दूध उतू गेलं, तर तिचा भाऊ गौतम म्हणायचा, "का व, गॅस आपोआप वाढला का?" बादली भरून वाहिली, तर, "नळ आपोआप चालू झाला असन." त्या घरात आपोआप हा शब्द अनुश्रीला टोचायलाच वापरला जाई. ती ओट्यावरचं दूध फडक्यानं पुसायची आणि बाबांच्या खोलीत जायची.

दोन वर्षांपूर्वी अभनपूरकडून एका लग्नाहून परत येताना गाडी तिच्या हातात होती. शेजारच्या सीटवर तिचे बाबा, मारोती मेश्राम. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते आणि ही जुनी पांढरी गाडी त्यांनीच हौसेनं घेतली होती. रस्ता सरळ होता, दुपार होती, समोर कोणी नव्हतं. गाडी एकाएकी डावीकडे वळली आणि नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला जाऊन धडकली. अनुश्रीचा हात मोडला. मारोतींच्या डोक्याला मार बसला. ते जगले, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "दादा, स्टेअरिंग आपोआप फिरलं." पोलिसांनी लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. गॅरेजवाल्यांनी पत्रा सरळ केला, गाडीची चौकात एक चक्कर मारली आणि काही दोष नाही म्हणून परत दिली. गौतमनं सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं, "स्टेअरिंगमध्ये भूत शिरलं होतं का? चालवणारी तू, हात तुझे." त्यानंतर तिनं ते वाक्य पुन्हा कधी मोठ्यानं म्हटलं नाही, पण मागेही घेतलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर एवढंच म्हणायची, "मी फिरवलं नव्हतं."

पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी तिनं सोडली. यशदीप नावाच्या मुलाशी लग्नाचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच्या घरचे आधी गप्प झाले, मग त्यांनी फोन उचलणं बंद केलं. रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या त्या घरात सकाळी गौतम ऑफिसला आणि त्याची बायको मोनाली शाळेत शिकवायला निघून गेली की अनुश्री आणि बाबा दोघंच उरायचे. त्यांना भरवायचं, कुशीवर वळवायचं, डायपर बदलायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायची, डाव्या हाताची बोटं उघडमीट करायला लावायची. रात्री बाबा घशातून आवाज काढायचे तेव्हाही तीच उठायची. गौतम दिवसातून एकदा दारात उभा राहून विचारायचा, "जेवले का?" आणि उत्तराआधीच वळायचा.

या वर्षी मार्चमध्ये तिच्या जुन्या मैत्रिणीचा, नीलिमाचा, नागपूरहून फोन आला. तिच्या ब्लड बँकेत टेक्निशियनची जागा होती. अनुश्रीनं चार दिवस ते कोणालाच सांगितलं नाही. मग जेवताना म्हणाली, "दादा, बाबांसाठी दिवसाचा माणूस ठेवला तर? मी अर्ध्याहून जास्त पगार घरी पाठवीन. दर पंधरा दिवसांनी येईन."

गौतमनं पोळीचा तुकडा मोडला. "बापाले खाटेवर तू टाकलं. आता माणूस ठेवून पळते का?"

"पळून नाई राहिली. विचारून राहिली."

"जा ना मंग. कोण अडवते? टाकलंच हाय त पूर्ण टाक."

एरवी ती इथे उठून गेली असती. त्या दिवशी ती बसून राहिली, ताटातला भात संपवला आणि म्हणाली, "महिनाअखेर सांगाचं हाय त्यायले. मी विचार करून राहिली." गौतमला ते विचित्र वाटलं. त्यानंतर तिनं दिवसाचा माणूस शोधायलाही सुरुवात केली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दोघातिघांना विचारलं. एक बाई येऊन बाबांना पाहूनही गेली.

त्याच सुमारास गौतमचं ऑफिस नवा रायपूरला हललं. ऊन चढू लागलं होतं, मोटारसायकलवर तेवढं अंतर जीव काढायचं, म्हणून त्यानं अंगणात धूळ खात पडलेली गाडी बाहेर काढली. बॅटरी बदलली, हवा भरली आणि जायला यायला तीच वापरू लागला.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. मग एका संध्याकाळी परत येताना त्याला जाणवलं की डावा हात दुखतोय. तेलीबांधा तलावापर्यंत तो स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवत आला होता, रस्ता सरळ असतानाही. हात जरा सैल केला की गाडी डावीकडे सरकायची. त्याला वाटलं, चाकांची अलाइनमेंट बिघडली असेल. तलावाजवळच्या दुकानात त्यानं ती करून घेतली. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानदारानं पुढचे टायर डावीकडचे उजवीकडे घालून दिले. टायरचा दोष असता तर ओढ आता उजवीकडे जायला हवी होती. पण ती डावीकडेच राहिली.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. सकाळी गाडी चांगली चालायची. उन्हात बराच वेळ चालली की ओढू लागायची. कडेला थांबवून, बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ शहाणी व्हायची. चाकाचा दोष असा येत-जात नाही, एवढं त्यालाही कळत होतं. एकदा सर्व्हिस रोडवर स्टेअरिंगनं त्याच्या हाताला असा हिसका दिला की गाडी फुटपाथला घासली. तो कडेला थांबला. शर्ट पाठीला चिकटला होता. तिचं ते वाक्य त्याला तिथेच आठवलं असणार, पण त्यानं रेडिओ लावला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो हरिदास साहूकडे गेला. हरिदास गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. त्याची शेड गुढियारीच्या मालधक्क्यामागे होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः गाडी अर्धा तास फिरवून आणली. गरम गाडी शेडमध्ये घेऊन त्यानं पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन चालू ठेवून बाहेर आला.

"अब कोई हाथ मत लगाना," तो म्हणाला.

दोघं उघड्या दारातून आत पाहत उभे राहिले. स्टेअरिंग सरळ होतं. मग ते हललं. आधी बोटभर, मग हळूहळू, कोणी बसलेलं नसताना, डावीकडे फिरत गेलं. चाकं हवेतच वळली. पार टोकाला जाऊन स्टेअरिंग थांबलं आणि तिथेच थरथरत राहिलं.



हरिदासनं डॅशबोर्डखाली हात घालून एक फ्यूज काढला. थरथर थांबली. त्यानं स्टेअरिंग हातानं मधे आणलं, तेव्हा ते जड झालं होतं, पण होतं तिथेच राहिलं. फ्यूज परत घातला, इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं पुन्हा डावीकडे. असं त्यानं तीनदा करून दाखवलं.

"चक्का-टायर सब ठीक है भैया. पावर स्टेअरिंग की मोटर घुमा रही है. स्टेअरिंग के डंडे में, कॉलम में, सेन्सर रहता है, वो बताता है कि ड्रायव्हर किधर घुमा रहा. गरम होने पे ये सेन्सर झूठ बोल रहा. मोटर समझती है, आप बाएँ मोड़ रहे हो, तो मदद कर देती है."

"हात घट्ट धरले तर?"

"आप जानते हो तो पकड़ लोगे. अचानक झटका दिया तो कौन पकड़ेगा? मैं भी नहीं." हरिदासनं बॉनेटवरचा जुना पोचा पाहिला. "ठुकी है क्या कभी?"

"मागं एकदा. थोडी."

"तो हो सकता है ठुकने से सेन्सर गया हो. या सेन्सर की वजह से ठुकी हो. पहले से खींचती थी क्या?"

गौतमनं ताबडतोब मान हलवली, नाही म्हणून. पण त्याला आठवलं होतं. अपघाताच्या महिनाभर आधी मारोती अंगणात गाडी पुसत होते आणि म्हणाले होते, "गौतम, गाडी डावीकडं ओढते रे. गरम झाली की जास्तच. माह्यानं उन्हात जाणं होत नाई, एक दिवस तू दाखवून आण." तो मोबाइल पाहत होता. "हवा कमी असन बाबा," म्हणाला होता, आणि मग, "रविवारी नेतो." रविवार आले आणि गेले. लग्नाच्या दिवशी बाबांचा खांदा दुखत होता म्हणून गाडी अनुश्रीनं चालवली.

"दुसरा कॉलम टाकून दे," तो हरिदासला म्हणाला. "आणि जुना इथंच राहू दे."

"हव," हरिदास म्हणाला. त्याला यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. भंगारात गेलेल्या तशाच एका गाडीचा चांगला कॉलम त्यानं शोधून आणला, बसवला, आणि गाडी तापवून, चाकं उचलून पुन्हा दाखवली. स्टेअरिंग जिथल्या तिथे राहिलं. घरी गौतमनं सांगितलं, सर्व्हिसिंगला टाकली होती.

मोनालीला मात्र त्यानं सांगितलं. स्वतःपाशी ठेवणं त्याला जमेना. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हणजे अनुताई खरं सांगत होत्या."

"हो."

"आजच सांगा त्यायले. आत्ता."

"सांगतो," गौतम म्हणाला. "मंग ती उद्या नागपूरले जाईन. जायलाच पायजे, नाई का? तिचा दोषच नाई त ती काहून बसन इथं? बाबाचं मंग तू पाहजो. रात्री उठणं, डायपर, सगळं."

"माणूस ठेवता येते."

"माणूस रात्रीचा राहते का? रविवारी येते का? तूच सांग, मी तुह्यावर सोडतो. सांगू का नको?"

मोनालीनं बाबांची लुंगी उचलली, चार घड्या केल्या, गठ्ठ्यावर ठेवली. पलीकडच्या खोलीतून अनुश्रीचा आवाज येत होता. ती बाबांना वळवत होती, "एक, दोन, हां, झालं बाबा, झालं." मोनालीनं खोलीचं दार लोटून घेतलं.

"मले या भानगडीत नका घेऊ," ती शेवटी म्हणाली. "मले तुमी काही सांगतलंच नाई."

पुढच्या रविवारी सकाळी गौतम चहाचा कप घेऊन अनुश्रीजवळ आला. नीलिमाला उत्तर द्यायला थोडेच दिवस उरले होते. तिनं बॅग काढून ठेवलेली त्यानं पाहिली होती.

"चाल, जरा गाडी चालव," तो म्हणाला.

तिला वाटलं, तो पुन्हा टोमणा मारतोय. "नाई दादा."

"खरंच म्हणून राहिलो. नागपूरले एकटी राहाचं म्हणते, आपल्याच गाडीले भेते? दोन वर्षांपासून तू म्हणून राहिली, मी फिरवलं नाई, गाडीनं फिरवलं. मी रोज चालवतो आता. एकदा तूच पाहून घे. माह्या मनातलंही जाईन, तुह्याही."

त्याचा सूर इतका साधा होता की तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता. मोनाली म्हणाली, "मी बाबांपाशी बसते," आणि मान खाली घालून आत गेली.

शहराबाहेर पडेपर्यंत गौतमनं चालवली. मुद्दाम लांबून, फिरून फिरून, इंजिन चांगलं तापेपर्यंत. मग अभनपूरच्या रस्त्याला लागल्यावर कडेला थांबवून जागा बदलली. अनुश्रीनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पहिले काही किलोमीटर तिनं सायकलच्या वेगानं काढले. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेले. मग हळूहळू हात सैल झाले. ती चांगलीच चालवायची. बाबांनीच शिकवलं होतं.

नाल्यावरचा पूल लांबून दिसला तेव्हा तिनं वेग कमी केला.

"थांबू नको," गौतम म्हणाला. "जाऊ दे सरळ."

कठडा नवा बांधलेला होता. गाडी त्याच्या बाजूनं निघून गेली. पलीकडे रस्ता मोकळा आणि सरळ होता. गौतमनं पुढेमागे पाहिलं.

"आता हात सोड."

"काय?"

"स्टेअरिंग सोड. मी हाओ बाजूले. सोड."

तिनं दोन्ही हात उचलले, जराच, स्टेअरिंगपासून वीतभर. गाडी रस्त्यावरच्या पट्ट्याला धरून सरळ चालत राहिली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

"पाहिलं? कुठं फिरते?"

तिचे हात तसेच हवेत होते.

"परत धर. आता परत सोड. मनाची खात्री कर पुरी."

तिनं पुन्हा सोडले. पुन्हा गाडी सरळ. मग तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. बाहेर शेतात कोणी तरी धानाची धसकटं जाळत होतं. धूर आत आला.

"दादा, सर्व्हिसिंगमध्ये काही बदललं का यात?"

"ऑइल," गौतम म्हणाला.

"अजून?"

"ऑइल आन फिल्टर. अजून काय बदलाचं?"

तिनं मान हलवली. दोन वर्षं लोकांनी काय काय म्हटलं, ते ती ऐकत आली होती, कारण आत कुठे तरी एक जागा पक्की होती, तिथे उभं राहून ती म्हणू शकत होती की मी फिरवलं नव्हतं. गौतम तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. ती जागा जाताना त्याला दिसली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

त्यानं उत्तर द्यायची घाई केली नाही. ती रडू लागली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे अनू. झालं ते झालं. मी लई बोललो तुले. आजपासून नाई बोलणार. मी माफ केलं, समजलं?"

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. परतताना गाडी गौतमनं चालवली.

घरी आल्यावर ती सरळ बाबांच्या खोलीत गेली. त्यांच्या खाटेजवळ खाली बसून म्हणाली, "बाबा, माझंच चुकलं होतं. गाडीत काही नव्हतं. मी आज चालवून पाहिली."

मारोतींनी डोळे मोठे केले. त्यांचा डावा हात उठला आणि हलू लागला, नाही, नाही असा. घशातून आवाज येत होता. ते मान उशीवर डावीकडे, उजवीकडे घासत होते. मग त्यांनी डाव्या हातानं हवेत काही तरी धरल्यासारखं केलं आणि ते डावीकडे फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. त्यांची नजर अनुश्रीवर नव्हती. दारात उभ्या असलेल्या मुलावर होती.

"काय म्हणून राहिले बाबा?" तिनं डोळे पुसत विचारलं.

गौतम आत आला. त्यानं वडिलांचा तो हात धरला, चादरीवर ठेवला आणि वरून दाबून धरला. हातात अजून ताकद होती.

"म्हणून राहिले, रडू नको," तो म्हणाला. "कूस बदलून दे त्यायची."

महिनाअखेरीला अनुश्रीनं नीलिमाला नाही म्हणून कळवलं. नीलिमा चिडली, दोनदा फोन केला, मग तिनंही नाद सोडला. काढून ठेवलेली बॅग माळ्यावर गेली. गौतमनं शब्द पाळला. त्यानंतर तो तिला कधीच टोचून बोलला नाही. दूध उतू गेलं तर स्वतः गॅस बंद करायचा. मोनाली तिच्यासाठी बाजारातून कुर्ते आणू लागली, पण देताना तिच्याकडे पाहत नसे, पिशवी खुर्चीवर ठेवून जायची. घरात भांडण राहिलं नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, गौतमनं बहिणीला किती सांभाळून घेतलं. फक्त मारोती मुलगा खोलीत आला की तोंड भिंतीकडे करू लागले. अनुश्रीला वाटायचं, उजेड डोळ्यांवर येत असेल. तिनं खिडकीला पडदा लावला.

जूनमध्ये मारोतींच्या व्यायामासाठी एक नवी फिजिओथेरपीवाली येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं पाय तपासता तपासता विचारलं, "दीदी, ये हुआ कैसे था?" गौतम बाहेर चहा पीत बसला होता. एरवी असा प्रश्न आला की उत्तर तो द्यायचा. या वेळी अनुश्रीच बोलली.

"मेरे हाथ से हुआ. गाड़ी मैं चला रही थी."

"अचानक?"

"नहीं. मेरी ओढनी खिसक गयी थी कंधे से. वो ठीक करने के लिए मैंने हाथ छोड़ा. बस उतने में."

ओढणीचं हे कोणी कधी म्हटलं नव्हतं. पोलिसांनी नाही, नातेवाइकांनी नाही, गौतमनंही नाही. त्या दिवशी लग्नाला ती साडी नेसून गेली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. दवाखान्यात नर्सनं ती कापून काढली होती. अनुश्री पुढे सांगत होती, ओढणी कोणत्या रंगाची होती, कोणता हात सोडला, बाबा कसे ओरडले. ती न अडखळता सांगत होती, जसं काल पाहिलेलं असावं.

गौतमनं कप खाली ठेवला. आत फिजिओथेरपीवाली म्हणाली, "होता है दीदी, किसीसे भी हो जाता है," आणि मारोतींचा पाय गुडघ्यात दुमडून मोजायला लागली. गौतमनं उरलेला चहा संपवला, गाडीची किल्ली घेतली आणि ऑफिसला निघून गेला.